विल्सनची वसईतली वर्षं

कॅनडात, टोरांटोच्या एटोबिकोत जोराचा वारा सुटला की माझी बहीण डेल्फिन त्याला शिव्या घालते. तिच्या मते वाऱ्यानेच तिच्या विल्सनची नोकरी घालवली. मी गप्प बसतो. मला गप्प बसवलंय, आणि ते माझ्या स्वभावात नाही.

विल्सन माझा भाचा. इथल्या हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये तो पंटर होता. संघ पुढे सरकेनासा झाला की पंटरने मैदानात यायचं, लाथ मारून चेंडू उंच, लांब भिरकावायचा आणि परत बाकावर जाऊन बसायचं. एवढ्यासाठी पगार देतात हे वसईच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत पटलं नाही. पण पोराच्या पायात जादू होती. दोन हजार सातमध्ये त्याला व्यावसायिक संघाने घेतलं, तेव्हा डेल्फिन चर्चबाहेर दिसेल त्याला थांबवून सांगत होती.

त्या काळी नियम असा, की प्रत्येक संघात ठरावीक कॅनेडियन हवेतच. आणि कॅनेडियन म्हणजे पासपोर्टवाला नव्हे. अठराव्या वर्षापर्यंतचं जवळजवळ सगळं आयुष्य इथे काढलेला. विल्सन जन्मला इथेच. पण आईबाप दोघंही शिफ्टवर, म्हणून तान्हा असतानाच त्याला आमच्या आईकडे वसईला ठेवलं. आपल्यातली कितीतरी पोरं अशीच वाढली. तो परत आला चार वर्षांचा होऊन. संघाने कधी विचारलं नाही, त्यालाही नियम उशिरा कळला, आणि मग तो बोलला नाही. फक्त मला म्हणाला, "मामा, आईला सांगू नकोस हं. शी विल पॅनिक."

दुसऱ्या उन्हाळ्यात संघाची फॅमिली पिकनिक होती. मॅनेजर कौतुकाने डेल्फिनला म्हणाला, तुमचा मुलगा म्हणजे पक्का टोरांटोचा. झालं! बाईंचा अभिमान उसळला. "नो, नो! टिल फोर इयर्स ही वॉज इन वसई ओन्ली. माय मदर रेज्ड हिम!" मॅनेजर हसला, मग हसायचा थांबला. विल्सनने हातातली प्लेट खाली ठेवली. डेल्फिनने त्याला सगळ्यांसमोर मराठी बोलून दाखवायला लावलं, आणि तो बोललाही.

नियमाने तो परदेशी ठरला. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या; त्यातली एक पंटरवर कोण वाया घालवणार? आठवड्याभरात त्याला काढलं. पुढे दोन संघांनी बोलावलं, चौकशी केली आणि परत पाठवलं. आता तो विमानतळावर कार्गोत आहे. आईला त्याने सांगितलं, वाऱ्यात एक किक वाकडी गेली. मला बहिणीचा भयंकर राग येतो, आणि राग आला की लगेच तिचीच दया येते.

दोन हजार बाराच्या मे महिन्यात विल्सनच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. जेवण त्याच्याच बेसमेंटमध्ये. त्याची बायको शर्लिन डेकेअर मिळत नसल्याचं रडगाणं गात होती. डेल्फिन म्हणाली, "वसईला ठेवू या की बाळाला. मी राहते सोबत. विल्सन नाही का वाढला?"

"नको!" विल्सन एवढ्या जोरात म्हणाला, की बाळ दचकलं.

डेल्फिनचा चेहरा पडला. "का रे? तुला काय कमी पडलं तिथे?"

मी तोंड उघडलं. विल्सनने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग आईच्या ताटात आणखी एक वडा वाढला.

"काहीच नाही गं," तो म्हणाला. "आजी होती ना."