माझ्याआधी येऊन गेलेला माणूस

आधीच सांगून टाकतो... मी देवळात जातो, उरुसालाही जातो, पण अंगात येणाऱ्यापुढे कधी वाकलो नाही. आगीच्या नोकरीत तीस वर्षं काढली. जळालेली घरं पाहिली, जळालेली माणसं उचलली. 'तिथे अमकं दिसतं' असं कोणी सांगायला लागलं की मी उठून जायचो. त्यामुळे पुढचं वाचून हसावंसं वाटलं तर हसा. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मीही हसलो असतो.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. नाव मुद्दाम देत नाही. ज्यांच्या जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याची, ही गोष्ट आहे त्यांची नातवंडं अजून तिथे आहेत आणि ती भली माणसं आहेत. साल बासष्ट ते चौसष्ट. कापूस बाजाराच्या मागे टिनाच्या शेडमध्ये आमचा बंब उभा असायचा. बंब म्हणजे एक जुनी लॉरी, वर पाण्याची टाकी, मागे पंप. आम्ही पाच माणसं, आणि वर एक साहेब.

पंपावर हबीब होता. मेकॅनिकांच्या घरातला. त्याचा धाकटा भाऊ युसूफ, माझाही दोस्त, बसस्टँडजवळ मोटारी दुरुस्त करायचा. हबीबच्या हाताला मशीन ऐकायचं, पण जीभ ऐकायची नाही. बोलताना तो फार अडखळायचा. 'प' आणि 'द' ही अक्षरं तर त्याची वैरी. 'पाणी' म्हणायला त्याला इतका वेळ लागायचा की आम्ही तोवर बादली आणून द्यायचो.

प्रत्येक आगीवरून परत आलो की तो पाइप वाळत घालताना म्हणायचा, "नामू, हे टळलं असतं." कोणी पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतलेलं असायचं, कोणी वारा सुटल्यावर कुडाच्या झोपडीत चूल पेटवलेली असायची. एकदा तो साहेबांकडे गेला. म्हणाला, रविवारी मला मोहल्ल्यांत जाऊन लोकांना समजावू द्या, पगार नको. साहेब म्हणाले, "हबीब, तुझं एक वाक्य पुरं होईपर्यंत घर जळून जाईल."

सगळे हसले. मी पण हसलो.

पुढच्याच हंगामात गावाच्या पलीकडच्या टोकाला एका जिनिंगला आग लागली. मागचं दार कापसाच्या गाठींनी बुजवलेलं. आत दोन बाया अडकल्या होत्या. हबीबने पंप माझ्या हाती दिला, ओलं पोतं डोक्यावर घेतलं आणि आत गेला. एका बाईला त्याने खिडकीतून बाहेर ढकललं. दुसरीला आणायला वळला आणि वरचं छत दोघांवर आलं. मी पंप सोडू शकत नव्हतो. सोडला असता तर पाणी बंद झालं असतं. हे मी स्वतःला हजारदा सांगितलेलं आहे.

त्यानंतर वरून हुकूम आला की लोकांना आगीबद्दल समजावून सांगा. साहेबांनी मला नेमलं. "नामदेव, तू बोलतोस चांगला."

बोलायचो चांगला, पण ऐकत कोणी नव्हतं! वर्षभर मी दारोदार फिरलो. दाराशी पाण्याचा ड्रम भरून ठेवा, रेतीची बादली ठेवा, लुगड्याने पेट घेतला तर पळू नका, जमिनीवर लोळा, अंगावर गोधडी टाका. शाळेत सांगितलं, तर पोरं माझ्या टोपीवर हसली. एका बाईने उंबऱ्यातूनच सुनावलं, "आग लागली त तुमी येसालच ना? मंग आमी कायले पानी भरून ठेवाव? इथं प्यालेच भेटत नाही." दुसऱ्या दिवशी तिच्याच शेजारची झोपडी जळाली. विझवून घामाघूम उभा होतो, तर ती म्हणते, "उशीर केला बापा तुमी."

सर्वांत जास्त डोकं फिरायचं ते बाजाराजवळच्या जिनिंगमध्ये. तिथेही मागच्या दाराला कुलूप, आणि आतून गाठींची थप्पी. मी चारदा गेलो. चारही वेळा शेठनी चहा पाजला.

"मागचं दार मोकळं ठेवलं तर निम्मा कापूस गावात जाईल," ते म्हणायचे. "तुम्ही आपलं काम केलं, झालं. बिस्कीट घ्या."

हबीबचं नाव काढलं तर म्हणायचे, "फार वाईट झालं." आणि कुलूप तसंच.

चौसष्टच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक विचित्र प्रकार सुरू झाला. एका मोहल्ल्यात गेलो तर दाराशी ड्रम भरलेला. शेजारच्या घरीही भरलेला. पुढे रेतीची बादली, वर ओलं पोतं. मी तोंड उघडण्याआधीच घरची बाई म्हणाली, "दोनदा दोनदा काहून येता? परवा तुमचा मानूस सांगून गेला ना."

कोणता माणूस? मला तर कोणी काही बोललं नव्हतं. दुसऱ्या वस्तीत तेच. तिसऱ्या वस्तीतही तेच... आणि तिथे लोकांनी खरंच सगळं केलेलं! मी वर्षभर घसा फोडला तर एक बादली भरली नाही, आणि हा कोण उपटसुंभ येतो आणि लोक त्याचं ऐकतात? खरं सांगतो, मला भीती वगैरे वाटली नाही. राग आला. हलकट राग.

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "दुसरं कोणालाही पाठवलेलं नाही. तुझंच काम धड होत नाही, आणखी माणूस कुठून देऊ?" मला संशय आला आमच्या ड्रायव्हरवर, विठ्ठलवर. त्याला बढती हवी होती. शेडमध्ये आमची चांगलीच जुंपली. त्याने पोरीची शपथ घेतली. तरी मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही.

शेवटी मी बाजाराजवळच्या जिनिंगच्या बायांच्या वस्तीत गेलो. तिथे यशोदाबाई म्हणून एक पोक्त बाई होती. त्या जिनिंगमध्ये पंधरा वर्षं काम करणारी, फालतू बोलणारी नव्हे. तिच्याही दाराशी ड्रम. मी सरळ विचारलं, "कोण येतो? कसा दिसतो?"

"खाकी कपडे, तुमच्यासारकी टोपी," ती म्हणाली. "भर दुपारी येते. पन बोलतानी लय अटकते बिचारा. पानी म्हनाले त्याले किती वेळ लागते! मधातच उठून जाव त जीवावर येते. मंग पुरं ऐकाच लागते. अन् पुरं ऐकलं की करावसं वाटते."

मी तिथेच ओट्यावर बसलो. पण पहिला विचार आला तो हाच की, कोणीतरी मेलेल्या माणसाची नक्कल करतंय. तसाच युसूफच्या गॅरेजवर गेलो. तो लॉरीखाली होता. मी सांगितलं तसा बाहेर आला, हातात पाना.

"नामू, माह्या भावाची नक्कल करून राह्यला कोनी, अन् तू मले ते सांगाले आला?"

"तुला माहीत असेल म्हणून..."

"मले काय माहीत राहीन? मी त्याले मातीत ठेवलं. मी सोता ठेवलं. जा तू."

गेलो. काय करणार?

एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताह असतो. पहिल्या दिवशी कामावर असताना जीव गेलेल्यांची आठवण म्हणून शेडसमोर दोन मिनिटं उभं राहायचं. आमच्याकडे ते एका फोटोपुरतंच होतं. ओळखपत्रावरून मोठा केलेला हबीबचा फोटो स्टुलावर ठेवला, हार घातला. पाहुणे यायचे होते, आले नाहीत. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि दोन मिनिटांची एकच केली. युसूफ लांब, रस्त्याच्या पलीकडे उभा होता. माझ्याकडे न बघता कब्रस्तानच्या वाटेला लागला. मी त्या फोटोकडे बघत मनातल्या मनात भांडत होतो. तू आहेस का? असलास तर मला का दिसत नाहीस? मी हसलो होतो म्हणून?

कार्यक्रम झाल्यावर तोच फोटो घेऊन मी वस्तीत गेलो. यशोदाबाई पाहताच म्हणाली, "हाच." तिच्या शेजारणीने मान हलवली. "नाही वो, तो उंच व्हता." तिसरी म्हणाली, उन्हात तोंड पाहिलंच नाही. घ्या! पोलिसात गेलो असतो तर मलाच बसवून ठेवलं असतं.

त्याच सप्ताहात मी पाचव्यांदा शेठकडे गेलो. कुलूप होतं. गाठी छातीपर्यंत होत्या. मी स्वतः हात लावून पाहिलं, हे लक्षात ठेवा. चहा न घेता परत आलो.

दोन दिवसांनी, दुपारी अडीचच्या सुमारास, बाजाराच्या बाजूने काळा धूर उठला. आम्ही पोचलो तेव्हा जिनिंगचं पुढचं अंग धडधडत होतं. पुढच्या दारातून कोणी निघणं शक्य नव्हतं. आत बाया कामावर होत्या हे मला माहीत होतं. मी कुऱ्हाड घेऊन मागच्या बाजूला पळालो. पळताना डोळ्यांसमोर फक्त ते कुलूप होतं.

दार उघडं होतं.

दोन्ही फळ्या भिंतीला टेकलेल्या. गाठी बाजूला सारलेल्या, मधून बैलगाडी जाईल एवढी वाट. आणि समोर कडुलिंबाखाली बाया बसल्या होत्या. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. एकोणीस. यशोदाबाई एका खोकणाऱ्या बाईला पाणी पाजत होती.

"आत कोणी आहे?" मी ओरडलो.

"कोनी नाही. सगळ्या निघालो." मग मला म्हणाली, "तुमचा मानूस आल्ता ना जेवनाच्या सुट्टीत. त्यानं गाठी हटवाले लावल्या. आमी म्हनलं शेठ रागावन. तो जायेच ना. मंग हटवल्या."

आग विझायला संध्याकाळ झाली. माल गेला, माणूस एकही गेला नाही. शेठ माझ्यावरच धावून आले की तू कुलूप तोडलंस. पण कुलूप तुटलेलं नव्हतं. ते किल्लीने उघडून कडीला नीट अडकवलेलं होतं. किल्ली चौकीदाराच्या कमरेला असायची. म्हाताऱ्याला मी बाजूला घेतलं.

"त्यानं चाबी मांगतली," तो म्हणाला. "मी म्हनलं, शेठले विचारा लागन. तो म्हने द... द... अन् अटकला. 'दार' म्हनाचं व्हतं त्याले, मले समजलं. पन शब्द निघेच ना. डोळ्यात पानी आलं त्याच्या. मी ऐकत उभा राह्यलो, अन् माह्याच हातानं चाबी काढली. काहून काढली, मले सांगता येत नाही साहेब."

"मग तो गेला कुठे?"

"गाठी हटवू लागला बायांसंगं. मंग ध्यान नाही."

रिपोर्टात एक रकाना होता. सुरक्षेची सूचना कोणी दिली? मी साहेबांना खरं ते सांगितलं. त्यांनी पेन माझ्यासमोर सरकवलं. "नामदेव, रकाना रिकामा जाणार नाही आणि भूतही लिहून जाणार नाही. सही कर." मी दोन दिवस अडून बसलो. तिसऱ्या दिवशी केली. महिनाभराने कलेक्टर कचेरीतून माझ्या नावाचं प्रशस्तिपत्र आलं. ते मी भिंतीवर कधी लावलं नाही. बायको विचारायची, मी चिडायचो.

पत्र घेऊन युसूफकडे गेलो. म्हटलं, हे तुझ्या घरी ठेव. त्याने हात पुसले, वाचलं आणि परत केलं. मग विचारलं, "त्याचं बोलनं पुरं होऊ दिलं लोकांनी? कोनी हासलं त नाही?"

"नाही," मी म्हणालो. "कोणी हसलं नाही."

त्याने मान हलवली आणि परत लॉरीखाली गेला. आमची दोस्ती मात्र पुन्हा जुळली.

त्यानंतर तो माणूस कोणालाच दिसला नाही. मी रिटायर होईपर्यंत प्रत्येक वस्तीत विचारलं, बाभुळगावपर्यंत चौकशी केली. कोणी सोंगाड्या असेल, कोणी तसाच अडखळणारा भला माणूस असेल, म्हणून शोधलं. सापडला नाही. आज यशोदाबाई नाही, चौकीदार नाही, युसूफही नाही. विचारायला कोणी उरलं नाही आणि माझ्याकडे खुलासा नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा. फक्त 'भास झाला असेल' एवढं लिहू नका... ते मी साहेबांकडून, विठ्ठलकडून, घरच्यांकडून खूप ऐकलं. भासाने गाठी हलत नाहीत हो. त्या दिवशी एकोणीस बाया त्या दारातून चालत बाहेर आल्या.