दसरा मिस्त्री

अकोल्यात आमच्या भागात खिडक्या दुरुस्त करणारा नावाजलेला माणूस एकच होता, आणि पावसाळ्याचे चार महिने तो खिडकीला हत्यार लावत नसे. बोलावलं की मिस्त्री यायचे मात्र लगेच. बार्शीटाकळीहून सायकल मारत यायचे, झडप पुढे-मागे करून पाहायचे, भिंतीला उजवा तळवा लावून उभे राहायचे आणि म्हणायचे, "आता नाई जी. दसऱ्यानंतर." त्यांचं नाव गणपत होतं. आडनाव आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. सगळं गाव त्यांना दसरा मिस्त्री म्हणायचं आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आमच्याकडची जमीन काळी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि तिच्यावरची घरं तिच्याबरोबर हलतात. भिंती तडकतात, चौकटी तिरक्या होतात, लाकूड पाणी पिऊन जाड होतं. श्रावणात अडकणारी झडप लोक घाईघाईने तासून घ्यायचे आणि वैशाखात त्याच फटीतून धूळ आत आली की नशिबाला दोष द्यायचे. मिस्त्री सांगायचे, "लाकूड फुगलं हाय. आता रंधा मारला त उन्हाळ्यात झडपीतून बोट जाईन." इतर सुतार हसायचे आणि त्या चार महिन्यांत भरपूर कामं करून घ्यायचे.

दुसरी एक सवय होती. दसऱ्यानंतर काम करायला आले की पिशवी खाली ठेवण्याआधी विचारायचे, "खिडकी कोनाची हाय?" घर ज्याचं त्याची खिडकी, असं उत्तर चालत नसे. त्या खिडकीशी कोण बसतं, हे त्यांना हवं असायचं. मग त्या माणसाच्या जागेवर स्वतः बसायचे, बाहेर पाहायचे आणि त्याला हात लांबवायला सांगून, हात पोचेल तिथे कडी बसवायचे. आमच्या शेजारी एका म्हाताऱ्या आजोबांच्या खाटेजवळच्या खिडकीला त्यांनी कडी इतकी खाली लावली होती की पाहुणे हसायचे. आजोबा मात्र पडल्या पडल्या खिडकी उघडत होते.

आमच्या घरची खिडकी आईची होती. वऱ्हाड मुंबई राज्यात गेल्याला दीड-दोन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. माझा धाकटा भाऊ मधू अमरावतीला वसतिगृहात राहून कॉलेजात शिकत होता. सुट्टीत तो स्टेशनवरून चालत यायचा आणि तो रस्ता आईच्या खिडकीतून वळणापर्यंत दिसायचा. त्या वर्षी आषाढात तो तिकडेच तापाने गेला. तार आली तेव्हा आई खिडकीतच बसली होती. तारवाला वळणावरून येताना तिनेच आधी पाहिला.

त्यानंतर ती तिथून उठेनाशी झाली. स्वयंपाक करायची, देवाला फूल वाहायची आणि परत जाऊन बसायची. बोलत नसे. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. शाळेत जायचे, पाढे म्हणून घ्यायचे, घरी येऊन दिवा लावायचे. मला रडू आलं नाही. आपल्याला काही वाटतच नाही की काय, अशी शंका यायची आणि त्या शंकेचंही फारसं काही वाटायचं नाही. आमचे बाबा वकील, आवाजाचे मोठे. तेराव्यानंतर आठवड्याने एका संध्याकाळी ते आईला म्हणाले, "तो आता त्या रस्त्याने यायचा नाही." आई हलली नाही. बाबांनी पुढे होऊन झडप धाडकन आपटली. काच फुटली, वरची बिजागरी उपटून आली आणि ती झडप अर्धवट उघडी अशी जी रुतून बसली ती बसलीच. पाऊस आत यायचा. आई ओल्या पदराने तिथेच.

बाबांनी मिस्त्रींना बोलावलं, पण झडप नीट करायला नाही. अंगणात दीडशे विटा येऊन पडल्या होत्या. "खिडकीच काढून टाका," बाबा म्हणाले, "आणि भोक बुजवा. आज."

मिस्त्रींनी आईकडे पाहिलं, मग भिंतीला तळवा लावला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला असं मला वाटलं. "आता नाई जी. दसऱ्यानंतर."

"कोर्टात तारखा पडतात त्या काय कमी आहेत? आता घरातही तुम्ही तारीख देता?"

"विटा कुठी पळून राहिल्या, साहेब?" मिस्त्री म्हणाले. "भिंत चालून राहिली आता. चौकट काढली त वरची भिंत खाली येईन."

जाताना त्यांनी खिडकीवर बाहेरून एक पत्रा तिरका ठोकला, आईच्या अंगावर पाणी येऊ नये एवढाच. काच बसवली नाही. पुढे दर पंधरा दिवसांनी सायकल टेकवून आत यायचे, भिंतीला हात लावायचे, "अजून नाई" म्हणायचे आणि चहा घेऊन जायचे. पोळ्याच्या सुमाराला एक गवंडी आपणहून आला. विटा पाहून म्हणाला, भोक काय, दुपारपर्यंत भरून देतो. बाबांनी त्याला पाणी दिलं आणि पाठवून दिलं. का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी मिस्त्री पिशवी घेऊन आले. बाबा कोर्टात निघायच्या तयारीत अंगणात विटांजवळ उभे होते. मिस्त्री त्यांच्याजवळ थांबले नाहीत. सरळ आत गेले आणि खिडकीशी उकिडवे बसून आईला विचारलं, "खिडकी कोनाची हाय?"

आषाढापासून ही बाई काही बोलली नव्हती. मी दाराशी उभी होते आणि मला वाटलं, आता मिस्त्रींचीही फजिती होणार.

"माझी," आई म्हणाली. मग म्हणाली, "झडप बाहेर उघडते. हात पोचत नाही मला."

"पोचन ना. हात लांब करा बरं."

आईने हात लांब केला. तो किती वाळला होता हे मला त्या दिवशी दिसलं. दुःख म्हणता येईल असं काही त्या सबंध काळात मला झालं असेल तर ते तेव्हा. मिस्त्रींनी पेन्सिलीने खूण केली, झडप उतरवली, दिवसभर तासली, काच बसवली. जवसाच्या तेलात खडूची पूड मळून त्यांनी काचेच्या कडांना लांबी भरली, तिचा वास दोन दिवस घरभर होता. उपटलेले खिळे त्यांनी दगडावर ठेवून एकेक सरळ केले आणि डबीत टाकले. वाकडा खिळा त्यांनी कधी फेकलेला मी पाहिला नाही. बाबा त्या दिवशी विटा तशाच ठेवून कोर्टात गेले. पुढे कधीतरी त्या विटा तिरक्या लावून त्यांनी शेवंतीच्या वाफ्याला कड केली.

आई लगेच सुधारली असं नाही. पण संध्याकाळी खिडकी स्वतः लावून घ्यायला लागली आणि लावली की उठायला लागली. मिस्त्री दर दसऱ्यानंतर येऊन कडीला तेल देऊन जायचे. आई त्यांना सोनं द्यायची आणि ते आपट्याचं पान टोपीत खोचून पुढच्या घरी जायचे.

महाराष्ट्र झाल्यावर तीन-चार वर्षांनी एका दसऱ्याला ते आले नाहीत. दिवाळी गेली तरी नाहीत. आई म्हणाली, "मिस्त्री आले नाहीत. जाऊन येऊ." कार्तिकातल्या एका रविवारी आम्ही दोघी मोटारीने बार्शीटाकळीला गेलो.

त्यांची बायको सारजाबाई भाद्रपदात गेली होती. आम्हाला कळलं नव्हतं. मिस्त्री ओसरीत बसले होते, दाढी वाढलेली. उठले, सतरंजी टाकली, "बसा, बाई" म्हणाले आणि पुन्हा जागेवर जाऊन बसले. आतल्या खोलीत खिडकी होती आणि ती बंद होती. बंद म्हणजे मोठाले खिळे ठोकून. पावसाळा सरून लाकूड आकसलं होतं, खिळ्यांनी धरून ठेवल्यामुळे झडप मधोमध उभी चिरली होती आणि चारी बाजूंनी उजेडाच्या रेघा आत येत होत्या. आईने पाहिलं. मिस्त्रींना ते कळलं.

"तिसऱ्या दिवशीच ठोकले," ते म्हणाले. "तिथं बसून तूर निवडे ना थे. मले म्हाईत होतं, बाई. लाकूड फुगलं होतं. भिंत चालून राहिली होती. साऱ्या गावाले सांगतो मी. तरी ठोकले."

 आईने विचारलं, "खिडकी कोणाची, मिस्त्री?"

ते मान खाली घालून बसले. "तिचीच हाय," म्हणाले.

"दसरा होऊन गेला आता."

मिस्त्री उठले, पकड घेऊन आत गेले. सात खिळे होते. पाच सहज निघाले, सहाव्याचं डोकं तुटलं, सातव्याला वेळ लागला. प्रत्येक खिळा निघाला की ते खाली बसायचे, दगडावर ठेवून सरळ करायचे, डबीत टाकायचे. आम्ही घाई केली नाही. शेवटी झडप ढकलली तेव्हा समोर शेजाऱ्याच्या गोठ्याची भिंत होती आणि तिच्यावर थापलेल्या गोवऱ्या. बाकी काही नव्हतं. सारजाबाईंनी वर्षानुवर्षं एवढंच पाहिलं असणार.

निघताना आईने सांगितलं, खिडकी लावून घ्या, थंडी पडेल. मिस्त्री लावायला गेले. कडी खाली होती, जमिनीवर बसलेल्या बाईच्या हाताला येईल अशी. ते उभ्यानेच कडीकडे पाहत राहिले.

"कडी वर घ्या लागन आता," ते म्हणाले.

"राहू द्या," आई म्हणाली.

मिस्त्री वाकले, पार गुडघ्यावर आले आणि त्यांनी कडी लावली.