कण्हणं थांबलं तेव्हा

गल्लीत तिला सगळे तातवाली म्हणत. बकऱ्यांची आतडी धुऊन, खरवडून, ओली असतानाच पिळून ती वाद्यांसाठी ताता, म्हणजे आतड्याच्या तारा, करायची. चौकटीवर ताणलेल्या ताता वाळताना आक्रसत, आणि खिडकीतून वारा आला की हलकेच कण्हत.

“मेल्यावरही यांची कुरकुर संपत नाही,” तिची नणंद म्हणायची. दोघी विधवा, एकाच घरात राहणाऱ्या.

“तुझ्याकडूनच शिकल्यात,” हे तातवालीचं ठरलेलं उत्तर.

त्या दिवशी सकाळपासून नणंदेचं पोट दुखत होतं. आधी बेंबीच्या आसपास कुठेतरी, बोट ठेवून दाखवता येईना असं. मग उजवीकडे खाली. दवाखान्याचं नाव काढलं की तिचं एकच, “तुझ्या हातचं जेवून दुसरं काय होणार, वहिनी! जा, कामाला लाग.” तातवाली बाहेरच्या खोलीत तातांना पीळ द्यायच्या चाकाची मूठ फिरवत राहिली. भिंतीपलीकडचं कण्हणं ऐकू येत होतं तोवर तिला धीर होता.

दुपारी ते एकदम थांबलं.

तिनं मूठ सोडली. वारा पडला होता. चौकटही गप्प होती.

आत नणंद उताणी पडून हसत होती. “गेलं गं! आत काहीतरी सुटलं, आणि गेलंच.”

पीळ जास्त झालेली तात अशीच गप्प होते, तुटल्यावर. तातवालीनं तिच्या पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं ताठ होतं. वर तो हसरा चेहरा, कपाळावर गार घाम.

“ऊठ.”

“अगं, पण आता बरं...”

“ऊठ म्हणते ना!”

शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावलं, “अपेंडिक्स फुटलं होतं. आतड्यातल्या नसांना सुरी फारशी कळत नाही, ताण कळतो. ते फुगत होतं तोवर नसा ओरडत होत्या. फुटलं, ताण सुटला, त्या गप्प झाल्या. ते काही बरं होणं नव्हतं. वेळेत आणलंत.”

तातवाली आपल्या हातांकडे बघत राहिली.

नणंद घरी आली, टाके सांभाळत, कुरकुरत. चौकट पुन्हा लागली. हल्ली तातांचा पीळ जरा सैल असतो अशी वादकांची तक्रार आहे. वारा आला की त्या कण्हतात, आणि पलीकडचं काही वेगळं ऐकू येत नाही. मग तातवालीचा हात मुठीवरच थबकतो.

“दुखतंय का गं?”

ती मूठ सोडून उठणार, तोच पलीकडून आवाज येतो.

“दुखतंय बाई! झालं समाधान?”

“झालं,” ती म्हणते, आणि मूठ फिरवते.