मागच्या हँडलची दांडी

केझाया ट्रँटरला कॉव्हेंट्रीतल्या आमच्या हिलफील्ड्स वस्तीत कुणी गोड बाई म्हटलं नसतं. तिनं एकदा मनावर घेतलं की ते तडीस जाईपर्यंत ती कुणाला सुखाचा घास खाऊ द्यायची नाही. मी पडलो तिचा शेजारी, त्यामुळे सगळ्यांत जास्त जाच मलाच.

तिचा नवरा एमोस मी कामाला होतो त्याच सायकलच्या कारखान्यात भट्टीवर होता. फ्रेमच्या नळ्या पितळ वितळवून जोडायच्या, हे त्याचं काम. फ्रेम कशी असावी यावर तेव्हा कॉव्हेंट्रीतल्या दोन मालकांचं एकमत नव्हतं. कुणी नुसती क्रूसासारखी करी, कुणी पुलाच्या कमानीसारखी, कुणी मधे स्प्रिंग घाली आणि गिऱ्हाईक आपटलं की गुपचूप काढून टाकी. एमोसनं ही सगळी सोंगं जोडली. भट्टीकडे बघून बघून शेवटी त्याची नजर गेली. मग तो चुलीजवळच्या खुर्चीत बसला तो उठेचना. दाराबाहेर पाऊल टाकायचं नावच नाही.

"हा असाच खुर्चीत मरायचा," केझाया मला म्हणाली, "आणि मी ते होऊ देणार नाही, जेसी. ती जोडसायकल मला आणून दे."

कारखान्याच्या मागे एक न खपलेली दोघांची सायकल गंजत पडली होती. बाईचा घोळदार झगा अडकू नये म्हणून पुढची फ्रेम खाली वाकवलेली. बाईनं पुढे बसून हवा खायची आणि नवऱ्यानं मागून तिच्या खांद्यावरून बघत गाडी वळवायची, अशी रीत. त्यासाठी दोन्ही हँडलं एका लांब दांडीनं जोडलेली. एक वळलं की दुसरंही वळायचं. ती दांडी एमोसनंच बसवली होती.

"ही दांडी कापायची," मी ती आणून दिल्यावर केझाया म्हणाली. "वळवणार मी."

"दांडी राहील." कितीतरी दिवसांनी एमोसच्या तोंडून शब्द फुटला. "बायकोच्या मागं गाठोड्यासारखा नाही बसणार मी."

"बरं. दांडीसकट चल. पण चल."

रविवारी निघाले. मी माझ्या सायकलवरून मागोमाग. पहिल्याच वळणावर ती डावीकडे वळवते आणि हा सवयीनं उजवीकडे ओढतो. दोघं काटेरी कुंपणात. उठले, बसले, पुन्हा कुंपणात. चर्चमधून परतणारी मंडळी थांबून मजा बघायला लागली.

"काय एमोस, कुंपणं तपासायचं काम मिळालं वाटतं?" एकानं विचारलं. माझं डोकं असं फिरलं की त्याच्या अंगावरच जाणार होतो.

"बस," केझाया नवऱ्याला म्हणाली, आणि तिसऱ्यांदा चढली.

तिसऱ्यांदा पडल्यावर एमोसनं तिला चाचपून धरलं. त्याचा हात तिच्या गालावर गेला आणि ओला झाला.

"हे काय?"

"काटा लागला."

"आत्ता?"

"पहिल्या वळणावर."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू घरी गेला असतास."

एमोसनं आडव्या पडलेल्या सायकलची दांडी टोकापासून टोकापर्यंत चाचपून बघितली. तोवर लोक कंटाळून निघून गेले. मग एमोस म्हणाला, "जेसी, घरी चल. करवत काढ."

दांडी त्यानं स्वतः कापली, बोटांनी चाचपत, कुणाला हात लावू न देता. मागचं हँडल हलू नये म्हणून पेच तेवढा मला आवळायला दिला, आणि तोही नीट आवळला नाही म्हणून शिव्या घातल्या. इतक्या महिन्यांनी त्याच्या शिव्या ऐकून मला बरं वाटलं.

पुढच्या रविवारी केनिलवर्थच्या रस्त्याला लागलो. मोठं वळण आलं तशी केझाया ओरडली, "एमोस, डावीकडे घेतेय..." पण तो तिच्याबरोबर आधीच कलला होता.

"सांगत बसू नकोस," तो म्हणाला. "फ्रेम कलली की मला कळतं. तू पुढं बघ."

मी शेजारी आलो तेव्हा केझाया रडत होती. एमोसचं सगळं ओझं एकटीनं ओढत होती तेव्हाही मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसायला हात काढला तर हँडल सुटेल, म्हणून ती तशीच रडत चालवत राहिली.