वाटेची चाल

“बेसूर म्हनला ना मला, मंग आता घेऊ दे त्याला सुरात,” असं गोदूबाई एकदा म्हणाली होती.

तेव्हा ती मिठागराच्या बांधावर बसून पायांच्या भेगांत मेण भरत होती. ऐकायला तिची नणंद शांती तेवढी होती. शांती हसली. गोदूबाई हसली नाही.

‘तो’ म्हणजे हर्षद. शहरातला संगीतकार, चाळीस जणांचा भक्तिवृंद घेऊन गावोगाव फिरणारा. पहिल्यांदा खारकोंडीला आला तेव्हा तीन दिवस गोदूबाईच्या ओटीवर मुक्कामाला होता. जिताड्याचं कालवण दोनदा मागून घेतलं. बायकांच्या भजनी मंडळाकडून काकड्याच्या सात चाली रेकॉर्ड करून नेल्या. गोदूबाईने बदल्यात एकच मागितलं.

“आमचं नाव सांगा, बस.”

“सांगणार म्हणजे काय, मावशी!”

वर्षभराने त्या चाली टीव्हीवर आल्या. मंडळाच्या अकरा जणी नव्या साड्या नेसून गोदूबाईच्या घरात जमल्या होत्या. नाव एकट्या हर्षदचं होतं. मुलाखत घेणाऱ्या बाईला तो म्हणाला, “मूळ बायका बेसूरच गायच्या हो. मिठाने गळे गेलेले. मी त्या चाली सुरात आणल्या.” समोरचे लोक हसले. कुणीतरी उठून आवाज बंद केला, तरी पडद्यावर तोंडं हसत राहिली.

दुसऱ्यांदा तो आला तो आणखी मागायला. “एखादी दुर्मिळ चाल आहे का, मावशी? कुणी ऐकलेली नसेल अशी?”

गोदूबाईने त्याला बांधावर नेलं आणि वाटेची चाल म्हणून दाखवली.

खाडीकाठच्या पाच-सहा गावांत ही चाल मयताला उंबऱ्यातून उचलल्यावर म्हणतात, खाडीवर पोचेपर्यंत. एरवी ती कुणी ओठांवर आणत नाही, बाहेरच्याला देणं तर दूरच. तिला टाळ नाही, टाळी नाही. शेवटची ओळ अर्ध्यावर सोडायची. ती सुटली की जो जिथे असेल तिथे उठून उभा राहतो, मयताकडे पाठ फिरवतो आणि चालू लागतो. मागे बघायचं नाही. पायांवर पाणी घेईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.

गोदूबाईने ओळ अर्ध्यावर सोडली. “पुढे?” हर्षदने विचारलं. ती उठली, खाली उतरून डबक्यात पाय धुतले आणि मग म्हणाली, “पुढं तुमीच लावा. तुमी सुरातली मानसं.”

“पाय का धुतलेत?”

“चिखल लागला.”

त्याने पुढे लावलं. तीस वादकांचा ऑर्केस्ट्रा बसवला, अर्धी ओळ पुरी केली, तिच्यावर ढोल चढवला. सहा वर्षं तो कार्यक्रमाचा शेवट त्याच पदाने करत होता. नागपूर, इंदूर, दुबई. नात मृणाली फोनवर दाखवायची. लोक उभे राहून टाळ्या वाजवत. गोदूबाई डोळे बारीक करून बघायची आणि विचारायची, “पेनला कंदी येतो गो?”

यंदाच्या हिवाळ्यात तो आला. रविवारी सकाळी रोह्याला, पुढच्या शनिवारी पेणला.

गोदूबाई शांतीला घेऊन रोह्याला गेली. सभागृह भरलं होतं. भाताची आणि वालाची शेतं असलेली आतल्या गावांतली माणसं, मास्तर, दुकानदार. खाडीचं कुणी नव्हतं.

“वयनी, ऑर्केस्ट्रा म्हंजे नाचायच्या बाया नस्तात का गो?”

“गप बस. देवाचं हाय.”

दोन तास लोक डोलत होते. पुढची बाई डोळे पुसत होती, मागचा माणूस दर पदाला ‘वन्स मोअर’ ओरडत होता. मग एकट्या बासरीवर वाटेची चाल सुरू झाली. शांतीने गोदूबाईचं मनगट धरलं. चाल सुंदर झाली होती. तेच गोदूबाईला सोसेना. व्हायोलिनं एकामागून एक असा खांदा देत होती, जणू त्यांना ओझं माहीत होतं. ओळ अर्ध्यावर आली, क्षणभर सगळं थांबलं, आणि चाळीस गळ्यांनी ती पुरी केली. ढोल वाजला. लोक उठून टाळ्या पिटू लागले. मागच्या माणसाने शिट्टी मारली.

दोघी तोंड मिटून बाहेर गेल्या. नळाखाली पाय धरले आणि मग शांती बोलली. “माझ्या भावाला नेला गो याच्यावर. तुझ्या नवऱ्याला. आन ही लोकं शिट्ट्या मारतात.”

“मला दिसतंय.”

“त्याला सांग. आत्ताच सांग. पेनला आपली मानसं असतील.”

“म्हनूनच नाय सांगत.”

“आन म्हिपतीबुवानं विचारलं, चाल भायेर दिली कोनी, तर? नाथा लग्नात दारू पिऊन नुसता गुनगुनला, तर बुवानं त्याला मंडळातून काढला. त्याची आई मेली तं चाल धराया एक मानूस गेला नाय. मुकी नेली म्हातारीला. तुला पन मुकीच नेतील.”

महिपती हा खारकोंडीचा बुवा. त्याने तोंड उघडल्याशिवाय गावात वाटेची चाल सुरू होत नाही.

“त्याला कोन सांगनार?” गोदूबाई म्हणाली. “तू?”

तेवढ्यात हर्षद लोकांच्या गराड्यातून बाहेर आला. आधी ओळखलं नाही, मग दोन्ही हात पसरले. “अरे, मावशी! या, फोटो काढू.”

फोटोत गोदूबाई ताठ उभी राहिली. म्हणाली, “पेनला पन शेवटाला हेच ठेवा.”

“तेच असतं, मावशी. त्यावर लोक उभे राहतात.”

“पेनला बी राहतील.”

पेणच्या आयोजकांना खुर्च्या रिकाम्या राहण्याची धास्ती होती. रामवाडीच्या एका दुकानात फुकट पास ठेवले होते. गोदूबाईने तीन खेपांत जवळजवळ सगळे उचलले आणि चार दिवस खाडीकाठची गावं पायी फिरली. “देवाचं हाय, फुकट हाय, या.” महिपतीबुवाला तिने पहिल्या रांगेचा पास दिला.

शनिवारी पाच वाजता सभागृहात खाडीची माणसं गच्च बसली. वृंद आला, वादक आले, हर्षद लोकांकडे पाठ करून काठी हलवू लागला.

“ह्यो मधी म्हशी हाकतो काय रं?”

“गात तं नाय, पन घाम बघ केवढा आला.”

“बुवा, तुमी पन अशी काठी आना. आमी हाकल्याबिगर गात नाय.”

महिपतीबुवासुद्धा हसला. पण माणसं रंगली. काकड्याच्या चाली लागल्या तशा खारकोंडीच्या बायका आपसूक गाऊ लागल्या. “आमचीच हाय गो ही,” एक जण मोठ्याने म्हणाली. हर्षदने वळून त्यांच्याकडे बघून मान डोलावली.

मग एकटी बासरी आली.

पहिल्या चार सुरांतच सभागृह गार झालं. लहान मुलांना आयांनी जवळ ओढलं. महिपतीबुवाने टोपी काढून मांडीवर ठेवली. व्हायोलिनं चढत गेली. ओळ अर्ध्यावर आली आणि तीनशे माणसं एकदम उठून उभी राहिली.

खुर्च्यांचा आवाज ऐकून हर्षद वळला. त्याचा चेहरा फुलला. त्याने हात जोडले, कमरेत वाकला. मागे वृंदाने ओळ पुरी केली, ढोल पडला. तो सरळ झाला तेव्हा त्याच्यासमोर तीनशे पाठी होत्या.

टाळी एकही नव्हती. नुसत्या चपला वाजत होत्या. व्हायोलिनं एकेक करून थांबली, ढोल जरा वेळ एकटाच वाजला आणि तोही लाजून थांबला.

“अहो, अजून आरती आहे... काय झालं? कुणी बोलेल का?”

कुणी बोलणार नव्हतं. गोदूबाईने मात्र पाठ फिरवली नव्हती. एवढ्या वर्षांनी तो चेहरा बघायचा होता. ती जागच्या जागी उभी राहून त्याला बघत होती, पोटभर, उपाशी माणसाने ताटाकडे बघावं तसं. त्या सगळ्या पाठींत हर्षदला तो एकच चेहरा दिसला. तो बुडत्यासारखा माइककडे धावला.

“थांबा! ही चाल तुमचीच आहे! या मावशींनी दिली मला, गोदूबाईंनी, खारकोंडीच्या गोदूबाईंनी. मावशी, सांगा ना त्यांना!”

नाव चारही भिंतींवरून स्वच्छ ऐकू आलं.

कुणी मागे बघितलं नाही. माणसांनी वाट दिली म्हणून आधी दाराशी पोचलेल्या महिपतीबुवाचा पाय मात्र थांबला. बाकीचे त्याच्यामागे थांबले. तो वळला नाही, बोलला नाही. टोपी डोक्यावर घातली आणि बाहेर पडला.

शांतीने वहिनीचा धरलेला हात सोडला आणि ती इतरांच्या मागे गेली.

“मावशी,” हर्षद म्हणाला. आता माइकशिवाय. “माझं काय चुकलं?”

गोदूबाईने पदर खांद्यावरून नीट घेतला, त्याच्याकडे पाठ केली आणि रिकाम्या खुर्च्यांच्या मधल्या वाटेने एक शब्द न बोलता बाहेर निघून गेली.