दादांनी सोडून दिलेली ताडपत्री

दादा गेले त्या दिवशी आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. नांदुऱ्यात मी दुकानाचं शटर वर करत होतो, तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. "बाबा गेले," एवढं ऐकताच माझ्या तोंडून निघालं, "वीज पडली का रे?" पोरगा म्हणाला, "नाई हो… चहा पिऊन राह्यले होते. बसल्या जागी गेले." गारांच्या मागे व्हॅन पळवणारा माणूस चहाच्या कपासमोर असा गुपचूप जातो, हे महिना उलटून गेला तरी मला खरं वाटत नाही.

गजाननदादा माझ्या बायकोचे थोरले भाऊ. उंद्रीजवळच्या खेड्यात, घाटावर, त्यांची शेती. उन्हाळ्याच्या तोंडावर आभाळ भरून आलं की हे जुनी व्हॅन काढणार, ढगाच्या कडेकडेनं जाणार, तो कुठल्या गावाकडे वळतोय ते डोळ्यांनी पाहणार आणि पंचक्रोशीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोलून टाकणार. "मोबाइलच्या अंदाजात तालुका दिसते जावईबापू, गाव दिसत नाई," असं त्यांचं म्हणणं. माझा स्वभाव अगदी उलटा. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकतो. पण सासुरवाडीत जावयाचा मान मोठा, आणि त्या मानापायीच मी अडकलो. काही वर्षांपूर्वी हरभरा काढणीच्या दिवसांत मी तिकडे गेलो असताना दादा म्हणाले, "चला, तुमाले गारा दाखवतो." जत्रेला नेतात तशा थाटात त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं. नाही कसं म्हणणार?

दुपार कलली होती. गावापासून बऱ्याच अंतरावरच्या एका माळावर आम्ही उतरलो. पश्चिमेला ढग उभा होता. मी काळे ढग पुष्कळ पाहिले आहेत, पण हा पोटाकडे हिरवट होता, आणि त्याच्यातून एक आवाज येत होता, लांब कुठे मळणीयंत्र चालू असावं तसा, न थांबणारा. वारा पडलेला. एक पाखरू बोलत नव्हतं. "हा गारांचा आवाज," दादा म्हणाले. मी हळूच मागे सरकून व्हॅनच्या दाराची मूठ धरली. दादांनी फोन तोंडाशी धरला, "भाऊ हो, गारा येऊन राह्यल्या. अर्धा-पाऊण घंटा हाये. सुड्या झाकून घ्या." कापलेला हरभरा वावरात रचून ठेवतात ती सुडी. वर्षभराची मेहनत त्या ढिगात असते, आणि तो ढीग तसाच उघड्यावर पडलेला असतो.

मग आम्ही ढगाच्या बाजूबाजूनं निघालो. वाटेत जिकडे पाहावं तिकडे माणसं वावराकडे निघालेली. मोटारसायकलवर मागे ताडपत्रीची घडी धरून बसलेल्या बाया, सायकलवाले, पायी पळणारे. एकानं तर दादांना हात उंचावून रामराम केला. दादा खुशीत होते. मला मात्र राहवलं नाही. म्हटलं, "दादा, आभाळ असं भरल्यावर माणसानं घरात पळावं का वावरात?" ते हसले… आणि त्याच वेळी समोरची टेकडी दिसेनाशी झाली. ढग वळला होता. अर्धा-पाऊण तास कसला, तो अंगावरच आला होता, आणि त्याचं तोंड दादांच्याच गावाकडे होतं.

त्यांनी घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग शेजारच्या सलीमभाईंना लावला. सलीमभाईंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "भाभी तं वावरात गेल्या ना, ताडपत्री घेऊन. तुमचाच मेसेज आयकून." दादांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. त्यानंतर त्यांनी व्हॅन अशी हाणली की मी दोन्ही हातांनी सीट धरून बसलो. विजा आमच्या दोन्ही अंगांना पडत होत्या. पहिली गार टपावर आदळली तेव्हा मला वाटलं कुणीतरी दगड मारला. मग दगडच दगड. समोरची काच तडकली. मी मोठ्यानं देवाचं नाव घेत होतो आणि दादा बायकोचं नाव पुटपुटत होते, "शोभा… शोभा…"

वावरात शोभावहिनी सुडीवर पालथ्या पडल्या होत्या. ताडपत्री वाऱ्यानं उचलू नये म्हणून दोन्ही हातांनी तिची टोकं धरून, डोक्यावर काही नाही. दादा उतरून धावले. मीही मागच्या सीटवरचं घमेलं डोक्यावर घेऊन धावलो. त्यात धाडस वगैरे काही नव्हतं, व्हॅनमध्ये एकटं बसायची भीती जास्त होती. "सोड ते! चाल!" दादा ओरडत होते. "काऊन सोडू? सारा माल जाईन!" वहिनी हटेनात. तेव्हा दादांनी त्यांच्या हातातून ताडपत्रीची टोकं हिसकावली आणि ताडपत्रीच सोडून दिली. वाऱ्यानं ती बांधापलीकडे नेली. वहिनींनी दादांच्या छातीवर मुठी मारल्या, अक्षरशः मारल्या. आम्ही त्यांना ओढत व्हॅनपर्यंत आणलं, दार लावलं, आणि बांधावरच्या बाभळीवर वीज पडली. बराच वेळ मला काही ऐकू येत नव्हतं. ऐकू यायला लागलं तेव्हा वहिनी म्हणत होत्या, "तुमीच तं सांगतलं, झाका म्हनून." दादांनी गळ्यातला रुमाल काढून त्यांच्या डोक्याला गुंडाळला.

त्या दिवशी सुदैवानं कुणी गेलं नाही. पण दादांचा मेसेज बदलला तो कायमचा. "गारा येऊन राह्यल्या. घरात बसा. माल जाऊ द्या." लोक भडकले. माल जाऊ द्या म्हणणारे तुम्ही कोण, तुमच्या बापाचा माल आहे का, असं तोंडावर ऐकवलं. काहींनी ग्रुप सोडला, काहींनी चावडीवर टर उडवली. दादांनी शब्द बदलला नाही. मी एकदा म्हटलं, निदान झाकायचं तरी सांगत जा, लोक दुखावतात. म्हणाले, "जावईबापू, झाका म्हनलं की ते पळतात. मी पाह्यलं ना." त्यांना त्या दिवसाची भीती होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. मला त्यांचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचंच.

गेल्या आठवड्यात घाटाच्या अंगाला आभाळ हिरवट झालं. इकडे दुकानात बसून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ग्रुपवर कुणाचाच आवाज नाही. वहिनींचा फोन लागेना. यंदा हरभरा त्यांनी दादांशिवाय काढलाय, सुडी वावरातच आहे, हे मला ठाऊक होतं. संध्याकाळी एकदाचा फोन लागला आणि माझ्या तोंडून सगळे विचारतात तेच निघालं, "माल किती गेला, वहिनी?"

"सारा गेला. झाकायले गेलीच नाई मी," त्या म्हणाल्या. "पन तुमी हे काऊन पुसता, जावईबापू? ते मालाचं कधी पुसत नव्हते. बाहेरून फोन करत आन् पुसत, शोभा, हायेस ना?"

मग मी विचारलं, "वहिनी, आहात ना?"

"हाव," वहिनी म्हणाल्या, "हाये मी," आणि रडायला लागल्या.