एचएफ नॉर्मल, सर

अख्ख्या देशात हवाई दलाचे तळ असताना माझी पोस्टिंग झाली ती माहेरापासून बसच्या अंतरावर. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पूर-बचावासाठी हेलिकॉप्टरांची आमची डिटॅचमेंट, म्हणजे छोटी तुकडी, त्या पावसाळ्यात वर्धा जिल्ह्यात उतरली. मी तिची मेट ऑफिसर, म्हणजे हवामान सांगणारी. रँक फ्लाइंग ऑफिसर, डोळ्यांवर काळा गॉगल, डोक्यात हवा. आता तेव्हाचा फोटो पाहून नात विचारते, "आजी, आभाळ आलेलं अन् तू गॉगल काऊन लावला?"

काम उपग्रहांचं. लष्करी हवामान-उपग्रह नुसते ढग बघत नाहीत. वातावरणाच्या माथ्यावरचा विद्युतभारित थर आणि सूर्याकडून येणारा मारा, हेही मोजतात. त्या वरच्या थरावर आपटून लांब पल्ल्याचा रेडिओ, म्हणजे एचएफ, चालतो. सूर्य चेकाळला की थर बिघडतो आणि रेडिओ मुका होतो. कोणाचे उपग्रह, कुठली लिंक, ते लिहिणार नाही. सवय आहे.

माहेरी पवनारला रविवारी गेले की हे सगळं मी आईला ऐकवायची. ती सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात वाकलेली.

"तुह्यं आयनोस्फिअर गेलं चुलीत," ती म्हणायची. "उद्या पानी येते का, ते सांग. सांभार काढू का नाई?"

पाणी येत नाही, मी म्हटलं. पाणी आलं, सांभार सडला. आईनं ते मरेपर्यंत ऐकवलं.

रोज सकाळी ब्रीफिंग. पहिलं बोलणं मेटचं. मेट बोलत असताना कोणी तोंड उघडायचं नाही, डिटॅचमेंट कमांडरनंही नाही. "एनी क्वेश्चन्स?" म्हटल्यावरच प्रश्न.

त्या सकाळी मी सांगितलं, "सूर्यावरचा मोठा डाग आपल्याकडे तोंड करून आहे. एचएफ जाऊ शकतं. दुपारी गडगडाटी ढगांचीही शक्यता."

कमांडर साहेब हसले. "मॅडम, हम सूरज पे नहीं उड़ते."

खोलीही हसली. दुपारी त्यांनी हेलिकॉप्टर पुराच्या गावांकडे सोडलं.

थोड्याच वेळात उपग्रहाच्या चित्रात वायव्येला ढगाचा पांढरा गठ्ठा फुगताना दिसला. मी रेडिओच्या तंबूत धावले. सेटवर कॉर्पोरल सुधाकर झाडे, नाचणगावचा. चारचौघांत मला मॅडम म्हणायचा, एरवी ताई.

"चार्ली टू, बेस. डू यू रीड?"

काही नाही. पुन्हा हाक दिली. खरखरसुद्धा नाही. कोरड्या विहिरीत कान घातल्यासारखं.

"सेट ठीक आहे ताई," झाडे म्हणाला. "बिघडला असता तं कुरकुरला असता. वरचंच गेलं."

"मग?"

"जवळच्या पल्ल्याचा व्हीएचएफ चालते, पन त्याले उंची पाह्यजे. हेलिकॉप्टर खाली उडून राह्यलं. हातातला सेट घेऊन गावच्या पान्याच्या टाकीवर चढतो."

"जाय. लवकर येजो."

सेटवर मी बसले. एचएफ तसंच मेलेलं. तंबूतल्या दुसऱ्या व्हीएचएफ संचावर त्याचा आवाज आला. "चार्ली टू, स्टॉर्म नॉर्थ-वेस्ट. रिटर्न. रिटर्न."

मग म्हणाला, "रॉजर दिला ताई त्यायनं. फिरले."

त्यानंतर टाकीवर वीज पडली. हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं. झाडेचा देह टाकीवरून खाली आणावा लागला.

साहेबांनी वर कळवलं: ऑपरेटर सेट सोडून गेला, म्हणून संपर्क तुटला. मी म्हटलं, संपर्क आधी तुटला, आणि टाकीवर त्याला मी पाठवलं. "मेट ऑफिसर सिग्नल्सच्या माणसाला ऑर्डर देत नाही," ते म्हणाले. विषय संपला. इशारा हसण्यावारी कोणी नेला, हा प्रश्नही त्यातच गाडला गेला.

मी नाचणगावला गेले. झाडेचे वडील किराणा दुकानात बसले होते.

"पोरगा ड्यूटी सोडून पयाला, म्हनतेत," ते म्हणाले. "गिऱ्हाईक तोंडावर म्हनते."

"खोटं आहे, काकाजी. मी होती तिथं."

"तू सांगून काय होते, बाई? सायबाच्या तोंडून आलं पाह्यजे."

मला न्यायबिय कळत नव्हता. त्या साहेबाला रोज नाश्त्याआधी टोचायचं, एवढं ठरवलं.

दुसऱ्या सकाळी ढग, वारा, दृश्यमानता सांगून झाल्यावर म्हटलं, "एचएफ नॉर्मल, सर. ज्या दिवशी कॉर्पोरल झाडे सेटवर होता, त्या दिवशी नव्हतं. एनी क्वेश्चन्स?"

रोज हेच. त्यांनी केबिनमध्ये बोलावून झापलं. मी म्हटलं, "मागच्या बिघाडाशी तुलना द्यायची पद्धत आहे, सर." अशी पद्धत नव्हती. मी त्या दिवशी सुरू केली. ते मान खाली घालून ऐकू लागले. तेव्हा मला नाश्ता फार गोड लागायचा.

पूर ओसरला तरी डिटॅचमेंट हलली नव्हती. हिवाळ्यात इन्स्पेक्शनला एअर कमोडोर, म्हणजे साहेबांचेही साहेब, आले. पहिल्या रांगेत बसले. मी माझं वाक्य म्हटलं.

"हा कॉर्पोरल झाडे कोण?" त्यांनी विचारलं.

"कमांडर साहेब सांगतील, सर."

साहेब उठले. मग म्हणाले, "तो सेटवर होता, सर. सोलर ब्लॅकआउट होता. त्यानं टाकीवरून एअरक्राफ्ट परत बोलावलं. मी चुकीचं कळवलं."

"जिथवर चुकीचं पोचलं, तिथवर जाऊन हे सांगा."

साहेब पूर्ण युनिफॉर्ममध्ये नाचणगावला गेले. मीही गेले. गरज नव्हती, बघायला गेले. दुकानात गर्दी होती. साहेबांनी हिंदीत सगळं सांगितलं. काकाजींनी तराजू खाली ठेवला.

"अजून एक डाव सांगा, साहेब. मागच्यायनं ऐकलं नाई."

साहेबांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. सव्वीस जानेवारीला शाळेचा झेंडा काकाजींनी फडकवला.

आता साहेब रिटायर, मीही. सुधाकर गेला त्या तारखेला मी दर वर्षी त्यांना फोन लावते. "एचएफ नॉर्मल, सर," एवढंच म्हणते. नात म्हणते, पुरे कर आता, आजी. पण साहेब फोन उचलतात. पहिली काही वर्षं नुसतंच ठेवून द्यायचे. आता पलीकडून हळू उत्तर येतं, "झाडे सेटवर होता, मॅडम."

मग मी ठेवते.